कुरवाळणे

फाल्गुन आला की सांगलीच्या हळदबाजारामागची ती गल्ली पिवळी होते.

आधी पिवळा होतो वारा. मग वाऱ्यावर वाळत घातलेली धोतरं; मग धोतरांखालचे ओटे; मग ओट्यांवर बसून जगाला नावं ठेवणारी म्हातारी माणसं. ऊन मुळातच पिवळं, पण त्या दिवसांत ते नुसतं पडत नाही. ते सांडतं, ते साचतं, ते उंबऱ्याउंबऱ्याशी दाटून राहतं. पोत्यांच्या राशी, राशींवर पीतरेणूंचे तरंग, तरंगांत बुडालेल्या हमालांच्या पापण्या. कावळे पीतपंख होतात. गाढवं कांचनकांती होतात. कुणाला शिंक आली, तर तीसुद्धा त्या सुवर्णसोहळ्यात आपला वाटा टाकून जाते.

या पीतवर्ण, पीतगंध, पीतनिद्र गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत, तारेच्या जाळीआड यमुताई आरवाडे सकाळी मांडीवर पाट घेऊन, पाटावर कागद ठेवून बसत आणि मुलांसाठी गोष्टी लिहीत.

गोष्टी प्राण्यांच्या. प्राणी गल्लीतलेच.

पहिला मजला ही मोठी कृपाळू उंची आहे. तिथून कुत्र्याची पाठ दिसते, पिसवा दिसत नाहीत. मांजराची चाल दिसते, मांजराने चालता चालता काय ओकून ठेवलं ते दिसत नाही. वासही जिना चढता चढता दमतो आणि मधल्या वळणावर बसकण मारतो. जगातलं पुष्कळसं वात्सल्य पहिल्या मजल्यावरूनच लिहिलं गेलं असावं.

कारण खरं सांगायचं तर, यमुताईंना प्राण्यांची किळस यायची.

साधीसुधी किळस नव्हे. नखशिखान्त किळस, निष्ठावंत किळस, व्रतस्थ किळस. लाळेची किळस, लोमांची किळस, ओल्या काळ्या नाकाची किळस. कुत्रं अंग झाडतं तेव्हा त्याच्याभोवती क्षणभर उमलणाऱ्या त्या तुषारमंडलाची किळस, ज्यात पाणी किती आणि बाकीचं काय, हे कोणताही कवी विचारत नाही. खाली एखादी गाय जिभेने वासराला चाटू लागली की यमुताईंच्या पोटात ढवळे. त्या डोळे मिटत, वेलदोडा चघळत, आणि पोट शांत झालं की लिहीत: ‘माय आपल्या लेकराला मायेने न्हाऊ घालत होती.’

गल्लीला याचा पत्ता नव्हता. गल्ली आपापल्या प्राण्यांसह यमुताईंच्या पुस्तकांतून सुखाने नांदत होती.

समोरच्या कुडचेवहिनींचा जिमी पुस्तकात ‘हिमकुमार’ झाला होता: शुभ्रकेशी, सोज्ज्वळ, सात्त्विक. प्रत्यक्षात वहिनी ताटातला घास त्याच्यापुढे धरीत; तो त्या घासाला चहूबाजूंनी चाटून, लाळेच्या मौक्तिकजालाने मढवून, नापसंत करून परत करी; आणि वहिनी तोच घास पापणीही न लववता स्वतःच्या तोंडात टाकून म्हणत, “नको तर नको हं माझ्या राजाला. अन्न वाया कशाला घालवायचं?”

कोपऱ्यावरच्या मगदूम मास्तरांची मांजरी पुस्तकात ‘चंद्रकला’ होती. प्रत्यक्षात ती अधूनमधून मास्तरांच्या उशीवर अर्धी पाल आणून ठेवी. “प्रेम आहे हो तिचं,” मास्तर सद्गदित होऊन सांगत. उरलेली अर्धी कुठे असते, हे विचारण्याचं धैर्य यमुताईंना कधी झालं नाही.

आणि मग होता तो कुत्रा. कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा. गल्ली त्याला ‘पिवळ्या’ म्हणे. गल्लीचं त्याच्यावर फार प्रेम होतं, म्हणजे गल्ली त्याला लांबून भाकरी फेकी.

फाल्गुनातल्या एका सकाळी यमुताईंनी त्याला वरून पाहिलं. हळदीच्या राशीला टेकून तो निजला होता. उन्हात ऊन, सोन्यात सोनं. त्याचा प्रत्येक केस जणू एक तेवती वात. त्याचा प्रत्येक श्वास जणू राशीचाच श्वास. यमुताईंचं अंतःकरण उचंबळलं. सुरक्षित अंतरावर त्यांचं अंतःकरण नेहमीच उचंबळे. त्याचं सोनं त्याचं स्वतःचंच आहे, असं त्या धरून चालल्या, आणि त्याच बैठकीत ‘सुवर्णकेतू’ जन्माला आला.

गोष्ट आणखी गोड व्हावी म्हणून त्यांनी त्यात एक आजी घातली. सुती पातळाची, चष्म्याची, वरच्या मजल्यावर राहणारी आजी. ‘आजी जिना उतरून आली आणि तिने सुवर्णकेतूला कुरवाळले.’ पानोपानी कुरवाळले. कधी मस्तकावरून, कधी पाठीवरून, कधी कानामागे. लिहिताना यमुताईंचा हात थरथरला नाही. कागद कुणाला चावत नाही, आणि शाईच्या अंगावर गोचीड नसतात.

छोटंसं पुस्तक पंधरवड्यातच छापून निघालं. मुलांना आवडलं. नाशकात राहणारी नात, ऋजुता, तिला तर ते पाठच झालं.

पाडव्याच्या तोंडावर अडतवाल्याने गोदाम धुवायला काढलं. नळीच्या पाण्याचे लोट गल्लीतून वाहिले, आधी पिवळेधमक, फेसाळ, मग नितळ, आणि त्या नितळ पाण्यात तो कुत्रा उन्हाच्या काहिलीने मनसोक्त लोळला. लोळून उठला, अंग झाडलं, आणि चालू लागला.

यमुताईंना गॅलरीतून वाटलं, सुवर्णकेतू कुठेतरी निघून गेला आणि हे भलतंच ओंगळ जनावर गल्लीत शिरलं. खालच्या ओट्यावर गंगव्वा हळकुंडं निवडत बसली होती. तिला त्यांनी जाळीतून विचारलं, “गंगव्वा, हे कुणाचं गं कुत्रं? आपला पिवळ्या कुठाय?”

गंगव्वाने मान वर केली. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. “ह्योच की वो पिवळ्या. हळद उतरल्याबिगार नवरा कसा हाय ते कळतंय व्हय, ताई?”

आणि ती अशी हसली की पानाचा रस ओट्यावर उडाला. यमुताईंनी वेलदोडा शोधला.

चैत्र आला. पिंपळावर तांबूस कोवळीक फुटली. उन्हाला धार आली. आणि नात आली.

सुट्टीसाठी आली नाही, पाठवली गेली. तिच्या आईला, म्हणजे यमुताईंच्या लेकीला, सुनेत्राला, कावीळ झाली होती. अंथरुणाला खिळली होती, मूग-भातावर होती. घरात लहान पोर नको म्हणून ऋजुताची बॅग भरली गेली होती. ती पोर जिना चढून आली, पाटावर बसली, आणि समोरचा भात बोटाने नुसताच इकडून तिकडे सारू लागली.

“आजी, तू त्याला रोज कुरवाळतेस ना?”

“कुणाला गं?”

“सुवर्णकेतूला.”

यमुताईंनी आमटीत पळी फिरवली. जरा जास्तच वेळ फिरवली. “ती गोष्टीतली आजी ना, ती कुरवाळते.”

“गोष्टीतली आजी म्हणजे तूच ना? तिचा चष्मापण तुझाच आहे.” ऋजुता भाताकडे बघत राहिली. “वर्गातली निहारिका म्हणाली, गोष्टीत सगळं खोटं असतं. मी म्हटलं, माझी आजी खरंच कुरवाळते. आईशप्पथ.”

“बरं मग? म्हटलंस तर म्हटलंस.”

“मग दुसऱ्या दिवशी आईचे डोळे पिवळे झाले.”

पळी आमटीत थांबली. बाहेर पिंपळाची कोवळी पानं हलत होती, हलून थांबत होती, थांबून हलत होती. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी केव्हाच वाहून गेलं होतं. मागे राहिला होता तो नुसता कोरडा, स्वच्छ, तासलेला हिशेब: शप्पथ खोटी, म्हणून आई आजारी. शप्पथ खरी, तर आई बरी.

“वेडी का काय तू? अगं, कावीळ पाण्यातून होते. डॉक्टर म्हणाले ना तसं?”

“म्हणजे तू नाही कुरवाळत?”

“मी कुठे असं... बरं, तू असं कर. ‘शप्पथ सुटली’ म्हण. झालं!”

ऋजुताने आजीकडे कीव येऊन पाहिलं. “घातलेली शप्पथ सुटते, आजी. घेतलेली नाही सुटत. तुला एवढंपण माहीत नाही?”

यमुताईंना ते माहीत नव्हतं. इतकी पुस्तकं मुलांसाठी लिहिली, पण मुलांच्या राज्यातला हा कायदा त्यांच्यापर्यंत कुणी पोचवला नव्हता.

“कुरवाळते गं,” त्या म्हणाल्या. “रोज कुरवाळते.”

“मग चल. दाखव.”

दुपार वितळत गेली. छपरांच्या कडा मऊ झाल्या, सावल्या लांबल्या, कृष्णेकडून येणाऱ्या वाऱ्याला ओल सुटली. यमुताईंनी दूध आणलं, कपडे घडी केले, डबे पुसले, पुसलेले डबे पुन्हा पुसले. ऋजुता त्यांच्या मागोमाग हिंडत होती. फक्त हिंडत होती, एखाद्या सुबक, सुशील, चिवट तगाद्यासारखी.

शेवटी यमुताई जिना उतरल्या.

मधल्या वळणावर वास भेटला. तो तिथे वर्षानुवर्षं त्यांची वाट बघत बसला होता. त्याने त्यांना ओळखलं आणि आनंदाने गळामिठी घातली. शिळ्या भाकरीचा वास, भिजून वाळलेल्या गोणपाटाचा वास, खरजेच्या खपल्यांचा वास, मेलेल्या घुशीच्या आठवणीचा वास. यमुताईंनी पदर नाकाला लावला. नात मागून बघते आहे हे आठवलं. पदर खाली आला.

पिवळ्या खालच्या पायरीशी बसला होता.

काय वर्णावं त्याचं रूप! पाठीवर लुतीने आपली नगरं वसवली होती: इथे केसांचं अरण्य, तिथे गुलाबी, पाझरतं, खरबरीत माळरान, मधून खपल्यांचे तट. कानांच्या पाळ्यांत गोचीड गुंफलेले, एरंडाच्या बियांसारखे टपोरे, तकतकीत, तृप्त. जणू कुणा सोनाराने मन लावून घडवलेली कर्णभूषणं. नेत्रकमलांच्या कोपऱ्यांत चिपडांची केशरं. ओठांच्या कडेने लाळेची एक तार निघालेली; ती लांबत होती, चकाकत होती, तुटेल तुटेल म्हणता तुटत नव्हती; आणि त्या तारेच्या टोकाशी एक माशी, निवांत, जणू झोपाळ्यावर बसलेली माहेरवाशीण.

आणि त्या साऱ्या साम्राज्यावर निळ्या-हिरव्या माशांचा एक अखंड, अविश्रांत, मंगल गुंजारव.

यमुताईंच्या पोटातून काहीतरी निघालं, गळ्यापर्यंत आलं, तिथे उंबऱ्याला अडखळल्यासारखं अडखळलं आणि मोठ्या कष्टाने माघारी गेलं.

“अवं ताई!” गंगव्वा ओट्यावरून ओरडली. “खाली कशाला आलाय? त्येच्याजवळ बसू नगा, लूत लागंल! लांबनं टाका काय टाकायचं ते.”

“मी रोजच बसते,” यमुताई म्हणाल्या.

गंगव्वाचं पान गालात थांबलं. “कवा वो?”

“तू नसतेस तेव्हा.”

गंगव्वाने यमुताईंकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं. मग हातातलं हळकुंड सुपात टाकलं आणि शांतपणे म्हणाली, “असंल बाई. आमी कुठं चोवीस तास असतोय हितं.”

यमुताई पायरीवर टेकल्या. कमरेला खोचलेली दुधाची रिकामी पिशवी त्यांनी सहज काढावी तशी काढली आणि उजव्या हातावर चढवू लागल्या.

“आजी, पिशवी घालून कुरवाळतात का?”

कुत्र्याने खाजवलं. एक पापुद्रा सुटला, हवेत तरंगला, उन्हात क्षणभर अभ्रकासारखा झळकला आणि यमुताईंच्या पातळावर येऊन विसावला.

त्यांनी पिशवी काढली.

कुरवाळणे. किती लडिवाळ शब्द! उच्चारताना जीभ टाळूवर कूस बदलून निजते असा शब्द. लेकुरवाळ्या घरातल्या दुपारीसारखा शब्द. यमुताईंनी तो आयुष्यभर मुक्तहस्ते वापरला होता, तुपासारखा वाढला होता. पण त्याचं व्याकरण त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. कुरवाळणे हे क्रियापद सकर्मक आहे. त्याला नुसता कर्ता पुरत नाही; त्याला कर्म लागतं. आणि यमुताईंचं कर्म समोर बसून बगल खाजवत होतं.

त्यांनी हात उचलला.

हात उचलला तसा कुत्रा जमिनीला चिकटला. कान मागे पडले, पोट धुळीत रुतलं, डोळे वर फिरले. त्याच्या उभ्या जन्मात उचललेल्या हातातून एक तर भाकरी आली होती नाहीतर धोंडा. आणि भाकरी इतक्या जवळून कधी आली नव्हती. तो धोंड्याची वाट बघत राहिला. मुकाट्याने, सवयीने, थरथरत.

आणि हात त्याच्या मस्तकावर टेकला.

आधी बोटांची टोकं; मग बोटं; मग, अरे देवा, तळवा. खाली काहीतरी कढत होतं, काहीतरी चिकट होतं, काहीतरी भिजल्या पापडासारखं दबून पुन्हा वर येत होतं. करंगळीखालून काहीतरी टपोरं, गोल, जिवंत सरकलं. यमुताईंच्या मानेपासून माकडहाडापर्यंत शहारा उतरला, तळाशी पोचला, आणि पुन्हा वर चढला. पोट म्हणालं, पुरे. नाक म्हणालं, पुरे. साठ-सत्तर वर्षांचं सगळं शिकेकाईने न्हालेलं, धुतलेलं, निर्मळ, निष्कलंक आयुष्य एका सुरात म्हणालं, यमे, पुरे!

हात मस्तकावरून मानेकडे गेला.

कुत्र्याला ते सोसलं नाही. मार त्याने सोसला असता. मार त्याच्या ओळखीचा होता. हे काय आहे ते त्याला कळेना. त्याच्या घशातून एक बारीक, चिरका, लाजिरवाणा सूर निघाला. सगळं अंग पाण्यासारखं सैल झालं. आणि भयाने की सुखाने कोण जाणे, त्याने तिथल्या तिथे, यमुताईंच्या पावलांवर, पातळाच्या काठावर, मुतून टाकलं.

कढत, तीव्र, विपुल. काठ भिजला, वहाण भिजली, बोटांच्या बेचक्या भिजल्या.

“शी!” ऋजुता दोन पायऱ्या वर उडाली. “शीऽऽ, आजी! ई!” तिने नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले, एक डोळा उघडला. बघितलं. आजीचा हात अजून तिथेच होता.

“ई,” ती हळूच म्हणाली, “पण खरंय.”

आणि मग तिचा चेहरा असा उजळला, असा आतून उजळला, की चैत्राला दुसरं काही करायचं उरलं नाही. ती वळली आणि दडदडत जिना चढून गेली. वर फोनची बटणं वाजली. मग गॅलरीतून तिचा आवाज आला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

“आई, खरं आहे! आजी कुरवाळतेय! तू आरशात बघ ना. नाही, आत्ता बघ. डोळे बघ. झाले का पांढरे?”

गल्ली ऐकत होती. कुडचेवहिनी दारात आल्या होत्या, जिमी त्यांच्या काखेत. गंगव्वाचं सूप मांडीवर तसंच राहिलं होतं. यमुताईंना हौदावर जायचं होतं. साबण, शिकेकाई, राख, चिंच, जे मिळेल त्याने हे बोट न् बोट, हे नख न् नख घासायचं होतं, सोलून काढायचं होतं. त्यांनी हात उचलायला घेतला.

“आजी!” जाळीला नाक लावून ऋजुता ओरडली. “आई म्हणतेय, थोडे थोडे होताहेत! थांबू नकोस, आजी! थांबू नकोस!”

“ऐकलासा न्हवं?” गंगव्वा म्हणाली. “चालू द्या. पानी मी तापवून ठेवते. दोगांनाबी लागंल.”

यमुताईंनी हात पुन्हा टेकला.

मस्तकावरून मानेकडे, मानेवरून पाठीकडे. पाठीवरून परत मस्तकाकडे. किळस होती. तशीच होती, तसूभर ओसरली नव्हती. ती पोटात होती, घशात होती, भिजलेल्या काठात होती, आणि तिला सोबत घेऊनच हात चालत होता, जसं रडतं पोर कडेवर घेऊन बाई पाणी भरते तसा. डोळ्यांत पाणी आलं ते वासाने आलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि पुष्कळसं ते खरंही होतं.

दिवेलागण झाली. धूळ निळी झाली, भिंती निळ्या झाल्या, गल्ली आपल्याच सावलीत हळूहळू उतरली. कुत्र्याने डोळे मिटले नाहीत. त्याला अजून खात्री नव्हती. पण त्याचं शेपूट, खंगलेलं, खपलीखपलीचं, एका जागी मोडून वाकडं जुळलेलं शेपूट, धुळीतून जरासं उठलं आणि पडलं. थांबलं. जणू कानोसा घेतला. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. आणि मग त्या निळ्या अंधारात, परक्या दाराशी कुणी संकोचाने कडी वाजवावी तसं, हळू, अगदी हळू, वाजत राहिलं, वाजत राहिलं.